दगडाची जागा

भूकंपाला आठ-दहा वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि मीही त्यातल्याच एकात भौतिकशास्त्र शिकवायचो. उपग्रहावरून जागा सांगणारं जीपीएस यंत्र एका मित्राने हातात दिलं आणि मला वेडच लागलं. दिसेल त्या झाडाचे अक्षांश-रेखांश घेत सुटलो. बायको म्हणाली, "घरचा रस्ता तेवढा विसरू नका."

मग त्याच मित्राबरोबर, एका पडक्या देवळाचा नकाशा करायला, धर्माबादकडे गेलो. तिथे गोदावरीतल्या बेटावर एक जुनं देऊळ होतं. भूकंपात त्याचे दगड सुटून गवतात पडले होते. कोणता दगड कुठे पडला हे टिपलं, तर देऊळ पुन्हा उभं करताना तो कुठे बसत होता याचा अंदाज येतो. पहिल्या खेपेला यंत्रात देवळाची जागा नोंदवली. दगड पुढच्या खेपेला मोजायचे ठरलं.

देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशी काठावरच्या गावात राहायच्या. त्यांची लेक सासरी भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचली होती. माहेरी आल्यापासून ती अंगणातच निजायची. छताखाली जायचं म्हटलं की तिला धाप लागायची.

दुसऱ्या खेपेला बघतो तर काय, सगळे दगड धुऊनपुसून एका कडेला रचलेले!

"तुमी येनार म्हून गावानं साफसफाई केली, सर," मावशी कौतुकाने म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. पण एवढ्या अगत्यावर ओरडायचं तरी कसं? तोंड फिरवून गवताकडे बघत राहिलो, आणि दिसलं, दगड पडले होते तिथे गवत नव्हतं, नुसते मातीचे डाग. प्रत्येक दगडाचा आकार जसाच्या तसा! मग काय, गावकऱ्यांना हाताशी घेऊन एकेक दगड त्याच्या डागावर ठेवत गेलो. राग कुठल्या कुठे पळाला.

एक लांबट डाग मात्र रिकामाच राहिला.

"मावशी, हा कुठं गेला?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "सर, दगड यंत्रात गेला की सरकारचा व्हतो का?"

त्या मला घरी घेऊन गेल्या. तो दगड त्यांच्या उंबऱ्यात बसवलेला होता. "देवाचा दगड हाय. घर पडू देत न्हाई म्हनलं, तवा पोरगी आत निजून राहिली."

आत भर दुपारी, छताखाली, लेक गाढ झोपली होती. यंत्राचा आवाज बंद केला आणि उंबऱ्यापाशी वाकून त्या दगडाची जागा नोंदवली.

आमच्या नकाशात देवळाचा एक दगड अजून नदीच्या अलीकडे आहे.