आधी चर्र, मग नमस्कार

माझा स्वभावच लांबण लावायचा. शेजारी साखर मागायला गेले तरी आधी त्यांच्या मांजराची चौकशी, मग नळाला पाणी किती वाजता आलं ते, आणि साखर आठवते ती परत निघताना. त्यामुळे ऑर्डरी मिळाव्यात म्हणून लेकीने मोबाईलवर माझ्या घावनांचं पेज काढलं, तेव्हा पहिल्या व्हिडिओला मी पदर सारखा केला आणि ऐटीत सुरुवात केली, "नमस्कार, मी रत्नागिरीहून, मांडवीला आमचं घर, तर काय झालं..."

दुसऱ्या दिवशी लेकीने मोबाईल पुढे धरला. "आई, बघ. तू 'तर काय झालं' म्हणेपर्यंत सगळे पळाले."

"पळाले म्हणजे? कुठे पळाले?"

"दुसऱ्या व्हिडिओवर. तीन सेकंद असतात गं तुझ्याकडे. त्यात पकडलंस तर पकडलंस."

मी तडकलेच. आल्या माणसाला आधी पाणी विचारतात, की दारातच हात धरून ओढतात? हे काय वागणं झालं! पण ऑर्डरी हव्या होत्या, म्हणून मुकाट शिकले. आधी बिडाच्या तव्यावर पीठ ओतायचं, चर्र आवाज येऊ द्यायचा, मग तोंड उघडायचं. आधी चर्र, मग नमस्कार. लोक थांबायला लागले. मेले घावनासाठी थांबायचे, माझ्यासाठी नाही!

आता नवऱ्याचं सांगते. हे बोटीवर फिटर. नऊ महिने बोटीवर, तीन घरी, असं लग्न झाल्यापासून चाललंय. बोटीवरच्या नेटचा तर आनंदच. फोन लागतो, दोन मिनिटं चालतो आणि मी मुद्द्यावर येते न येते तोच कटतो. त्यात आमच्या घरची एक रीत आहे. रीत कसली, खोडच. बोटीवरच्या माणसाला "घरी या" म्हणायचं नाही. त्याचं मन मागे ओढलं जातं म्हणे. "जपून राहा, आमची काळजी करू नका," एवढंच म्हणायचं. सासूबाई सासऱ्यांना जन्मभर तेवढंच म्हणाल्या, आणि मीही.

गेल्या खेपेला नऊ महिने संपत आले होते, मी एकेक दिवस मोजत होते, आणि यांचा फोन आला. "कंपनी म्हणतेय, आणखी चार महिने थांब. परवा सही द्यायचीय. काय करू?"

मला नको होतं! अगदी नको होतं. पण मी सुरुवात कुठून करावी? "त्याचं काय आहे, आपल्या परसातला तो माड..." फोन कट. थोड्या वेळाने मेसेज आला, "मग करतो सही."

असा संताप आला म्हणून सांगू! यांचा कमी, माझा स्वतःचाच जास्त. "नको" असं तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. शेवटी मोबाईल गॅसजवळच्या स्टँडवर लावला, तवा तापवला, पीठ ओतलं आणि चर्र झाल्या झाल्या म्हणाले, "घरी या. सही करू नका." पुढेही थोडं बोलले, ते सांगते मागाहून. व्हिडिओ यांना पाठवायचा म्हणून केला होता, पण हाताला सवय पेजवर टाकायची. तिथेच टाकला आणि कपडे वाळत घालायला गेले.

लेक कॉलेजातून धावत आली. "आई, काय केलंस हे!" बघते तर खाली लोकांच्या ओळीच ओळी. "अहो काका, या ना घरी." "ताई, पीठ किती पातळ ठेवलंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढ तो आधी!"

"आता काढून काय उपयोग? पोचला सगळीकडे. आणि आई, लोक शेवटपर्यंत बघतायत गं."

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले, तर मासेवालीने वाटा लावता लावता विचारलं, "काय गो बाय, येतोय काय तुझा माणूस?" आणि वर दोन बांगडे जास्तीचे टाकले. मी मान खाली घालून घरी आले. यांना चारचौघांत केलेली चेष्टा अजिबात खपत नाही. आता हे भडकणार आणि मुद्दाम सही करणार, याची मला खात्रीच होती.

संध्याकाळी फोन आला. "आमच्या कुकच्या बायकोने गुहागरहून धाडला तुझा व्हिडिओ," हे म्हणाले. "सगळी बोट मला 'घरी या, घरी या' करतेय."

"अहो, ते चुकून..."

"तीनच सेकंद आला गं. 'घरी या, सही करू नका', आणि मग नुसतं चाक फिरतंय. पुढे काय म्हणालीस?"

मी तोंड उघडलं आणि फोन कट.

पंधरा दिवसांनी हे आले. ओटीवर बसून घावन आणि नारळाचा रस खाता खाता लेकीचा मोबाईल मागून घेतला. "बघू दे आता पुढचं."

मी अडवायच्या आत लावलासुद्धा. चर्र. "घरी या. सही करू नका." आणि मग माझाच आवाज, नेहमीचा. "म्हणजे तसं काही नाही हो. कंपनी नाराज व्हायला नको. थांबायचं तर थांबा, माझं काय, मी आहे बरी. जपून राहा, आमची काळजी करू नका."

यांनी मोबाईल खाली ठेवला. हातातला घास तसाच राहिला. "हे पोचलं असतं ना," म्हणाले, "तर सही केली असती मी."

चार महिने! मीच माझ्या तोंडाने घालवले असते.

त्याच दुपारी लेकीला शेजारी बसवलं आणि पुढचं सगळं कापायला लावलं. आता पेजवर आहे तो तेवढाच, तीन सेकंदांचा.