वयाची अट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, ते मला नीट सांगता यायचं नाही — पण ऐका.

मी वकील झाले ती आईमुळे. हे मात्र मी सगळ्यांना सांगते, न विचारताही. बीकॉमनंतर इथल्याच, म्हैसूरच्या एका लॉ कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायचं ठरवलं आणि इंग्रजी शब्दांपाशी माझं घोडं अडलं. रात्री पाठ केलेला शब्द सकाळी आठवेल तर शपथ! आई बीए झालेली. सरस्वतीपुरमच्या आमच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटता लाटता तिने माझी शिकवणी सुरू केली. पद्धत तिची स्वतःची — प्रत्येक शब्दाला एक नातेवाईक. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, म्हणजे पाहुणे आल्यावरच पंखा लावणारे काका. 'गॅरुलस' म्हणजे बडबडी, म्हणजे हिनकलची मावशी, जिच्याकडे चहाला गेलं की जेवणाची वेळ होते. मन नसताना पंगतीत वाढायला उठणारे मामा — 'रिलक्टंट'. आणि मनात असेल तेच तोंडावर बोलणारी, 'कँडिड' — ती मी. हसून हसून पुरेवाट व्हायची. परीक्षेत अख्खं गोत माझ्या मदतीला धावून आलं.

मग कबुली कसली? — येतेय तिकडेच. जरा धीर धरा, मलाच धीर होत नाहीये.

अर्ज भरायच्या आधी एका संध्याकाळी आई म्हणाली, "मी पण लिहू का ग परीक्षा? सुम्ने, तुझ्याबरोबर."

सुम्ने म्हणजे उगीच, सहज. पण सहज विचारताना कुणी हातातलं लाटणं खाली ठेवतं का? तिला वकील व्हायचं होतं, लग्न झालं आणि ते राहून गेलं — हे मला ठाऊक होतं. शब्द तर तिला माझ्याआधी पाठ झाले होते. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? आई माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर, डबा घेऊन. मागे मैत्रिणी हसतायत.

"वयाची अट आहे, आई," मी म्हटलं. "तीसच्या आत."

अशी काही अट नव्हती. माहितीपत्रक मी वाचलं होतं.

"हौदा?" ती म्हणाली. खरंच का, एवढंच. मग लाटणं उचललं. तिने कुठे चौकशीही केली नाही — मी सांगितलं होतं ना!

खोटं तिथेच थांबलं असतं तर — तरी ते खोटंच. पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर साठीच्या एक बाई बसलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. विद्यार्थिनी. त्यांना कुणी हसलं नाही, उलट सगळे त्यांच्याच नोट्स मागायचे. त्या दिवशी घरी जाऊन सांगता आलं नसतं का? पुढच्या वर्षी आई आली असती.

वार्षिक समारंभाला आई आली. त्या बाईंकडे बघून तिने विचारलं, "ह्या कोण?"

"प्रोफेसर," मी म्हटलं.

आईने पुढे होऊन त्या बाईंना हात जोडले. "मॅडम, आमच्या मुलीकडे लक्ष असू द्या." बाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. मी आईचा दंड धरला आणि तिला जेवणाच्या रांगेकडे नेलं.

आई आता साठीला आलीय. पेपरात नवा इंग्रजी शब्द दिसला की अजूनही फोन करते, नातेवाईक ठरवूनच. आम्ही दोघी तशाच हसतो. कोर्टात उभी राहिले की माझ्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द तिने दिलेला असतो, आणि मनातल्या मनात मी तिला रोज नमस्कार करते. इतकं भरभरून मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. शब्द वाटताना माझ्या वाट्याला दिलेला 'कँडिड' तिने अजून बदललेला नाही.

अट कॉलेजची नव्हती. माझी होती.