नाव घेऊन बोलावलं तरच

ऑफिसात तिला सगळे हेडबाई म्हणत, आणि ते काही फार प्रेमाने नव्हे. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षासाठी सॉफ्टवेअर बनायचं. फोन आला की पत्ता गाडीतल्या स्क्रीनवर जायचा आणि ड्रायव्हर त्यावर बघून निघायचा. माणसं जेमतेम तीन: मालक, हेडबाई आणि गप्प्या, जो तोंड उघडायचा तो बहुधा डबा खायला. चौथा गडी म्हणजे कोड लिहून देणारा एआय सहायक. त्याला शिस्त लावायचं काम अर्थातच हेडबाईंचं.

त्यासाठी तिने स्किल्स लिहिली होती. स्किल म्हणजे साध्या भाषेत मांडलेली कामाची रीत: आधी हे कर, मग ते तपास, इथे थांब. बहुतेक स्किल्स सहायक गरज पाहून आपणहून उचलायचा. पण नवी आवृत्ती चालू यंत्रणेवर टाकणारं 'चढवणी' नावाचं स्किल वेगळं होतं. ते चाललं की गाड्यांमधले स्क्रीन काही काळ कोरे व्हायचे. म्हणून त्याच्या माथ्यावर तिने ओळ घातली होती की माणसाने नाव घेऊन बोलावलं तरच हे चालवायचं. आणि बोलावण्याआधी नियंत्रण कक्षाला फोन करून रस्त्यावर गाडी नाही ना, हे विचारायचं, हा तिचा दंडक.

दंडक घालायची खोड लहानपणची. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची भावंडं लहान, आणि मी सांगितल्याशिवाय स्टोव्हला हात लावायचा नाही असं दटावणारी ही स्वतःच एवढीशी. सासरी आली तशी धाकट्या दिराच्या मागे लागली. तो अँब्युलन्स चालवायचा. गाडी चालवताना फोन जवळ नको, मागच्या कप्प्यात टाक, असं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं. तो हसून बरं म्हणाला, पण पाळायचा.

अशी ही बाई, आणि ती ओळ तिनेच काढली. चाचणीच्या यंत्रणेवर दिवसभर चढवणी करून बघायची होती, दरवेळी नाव टाइप करून ती वैतागली. जाताना परत घालू म्हणाली आणि साफ विसरली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याचे वाभाडे काढले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गप्प्याने सहायकाला पत्त्याची अक्षरं मोठी करायला सांगितली आणि पुढे लिहिलं, 'सगळं पुरं कर.' सहायकाने अक्षरं मोठी केली, तपासली, आणि काम पुरं व्हायचं तर चढवणी हवी असं ठरवलं. अडवणारी ओळ नव्हतीच. मध्ये त्याने परवानगी मागितली. गप्प्याने न वाचता 'हो' दाबलं, जसं सगळेच दाबतात.

"बाई," गप्प्या म्हणाला, "हे खऱ्या यंत्रणेवर चढतंय."

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिकडची ऑपरेटर रडकुंडीला आली होती. एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आलेली, त्याला आणायला निघालेली एक गाडी रस्त्यावर होती, आणि पत्ता, फोन नंबर, सगळं गाडीतल्या आणि तिच्याही स्क्रीनवरून गेलेलं. गाडी कोणाची, ते तिने विचारलं. दिराची होती.

तिने दिराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन मागच्या कप्प्यात होता, तिच्याच सांगण्यावरून.

जुनी आवृत्ती परत आणणारं स्किल होतं, तेही नाव घेतल्यावरच चालणारं. तिने नाव टाइप केलं, ते चुकलं, पुन्हा केलं. सहायकाने विचारलं की चालू फेरीच्या पत्त्यासकट मागची स्थिती आणू का. जीव टांगणीला लागलेला असताना तिने ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं, मगच 'हो' दाबलं. मग नुसतं बघत बसायचं. गप्प्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होता.

"आला पत्ता," ऑपरेटर फोनवर म्हणाली. "गाडी हलली."

मालक बाहेर आले. नोंदीत गप्प्याचं नाव होतं आणि तो मान खाली घालून उभा होता. हेडबाईने त्याला बोलू दिलं नाही. कुलूप मी काढून ठेवलं होतं, त्याने फक्त दार ढकललं, असं तिने सांगून टाकलं. मग ओळ परत घातली आणि चाचणीच्या यंत्रणेवर तेच लिहून पाहिलं, सगळं पुरं कर. सहायकाने उत्तर दिलं की चढवणी तुम्ही नाव घेऊन सांगाल तेव्हाच, तोवर मी थांबतो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी दीर घरी आला आणि बूट न काढताच बसला. म्हातारा वाचला होता. दवाखान्यात ठेवलाय, म्हणाला.

"तुझा स्क्रीन माझ्यामुळे गेला," ती म्हणाली.

"चौकात उभा होतो, वहिनी. डावीकडे की उजवीकडे, कळेना. त्यांचं घर तिथेच आहे, कोपऱ्यावर. म्हाताऱ्याच्या बायकोला खिडकीतून गाडी दिसत होती. मला विचारत होती, दिसत होतात तर येत का नव्हतात." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी काय सांगायचं तिला?"

"तू काही सांगू नकोस," ती म्हणाली. "उद्या मला तिच्याकडे घेऊन चल."