मोटारीचे मागचे पाटे

आमच्या मोटारीचा मागचा भाग खडखडू लागला तेव्हा ती आठ-नऊ वर्षं जुनी होती. मी सोलापुरात बायकांची डॉक्टर होते. आठवड्यातून एक-दोनदा बाळंतपणासाठी अक्कलकोट, मैंदर्गीकडून बोलावणं यायचं. मोटार मीच चालवायचे. त्या रस्त्याची धूळ सगळ्यात आधी मागच्या पाट्यांची, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, टोकं खाते. तिथे पिनेभोवती पितळेचे नळीसारखे बुश असतात. ते झिजले की पाटा पिनेवर खेळतो आणि वळणावर गाडी मागून सरकल्यासारखी वाटते.

मोटारीचं काम मी पाच वर्षं एकाच मिस्त्रींकडे देत होते. साठीला आलेले, पूर्वी गिरणीत फिटर असलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी जुने बुश काढले, लेथवर नवे करून बसवले आणि पाटे परत बांधले. खडखड पार गेली.

त्याच आठवड्यात मैंदर्गीहून येताना इंजिनात पाणी घालायला थांबले. मागून मेंढरं घेऊन येणारा धनगर जवळ आला.

“बाई, तुमची गाडी तिरकी चालतीया की. कुत्रं पळतंय तशी.”

मला हसू आलं. पण पुढे मोकळ्या रस्त्यावर लक्ष दिलं, तर गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग सारखं थोडं डावीकडे धरावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

“माझ्या हातचं काम हाय, डाक्टरीणबाई. तिरकी कशी चालंल?”

“मापून तर बघू.”

गाडी सपाट फरशीवर घेतली. चारी चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडून खाली खडूच्या खुणा केल्या. मग पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत फीत धरली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्यांच्या.

“सारखंच हाय दोन्हीकडं,” ते म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मी उठून त्यांच्या बाजूला गेले. डावीकडे अर्धा इंच जास्त भरत होतं. मी आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी फीत नाकापर्यंत नेली, उजेडाकडे तोंड वळवलं आणि फीत खाली ठेवली.

त्या उजेडात त्यांच्या दोन्ही बाहुल्या मला पांढुरक्या दिसल्या. मोतीबिंदू. पाच वर्षं मी या माणसाशी गाडीबद्दल बोलत होते. त्यांच्या तोंडाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला शरम वाटली.

“कधीपासून?”

“दोन पावसाळं झालं.” ते म्हणाले, “हाताला समजतंय की सगळं. कुणाला बोलू नगा.”

डावा पाटा सोडला तेव्हा चूक सापडली. पाट्याच्या पट्ट्या एकत्र बांधणाऱ्या मधल्या बोल्टाचं डोकं एक्सलवरच्या खळग्यात बसायला हवं. ते काठावर चढून बसलं होतं आणि तसेच नट आवळले गेले होते. त्यामुळे डावं चाक मागे राहिलं होतं. मी खाली वाकून खळगा कुठे आहे ते सांगत गेले, ते त्याप्रमाणे एक्सल सरकवत गेले. डोकं आत बसल्यावर त्यांनी अंगठ्याने चाचपलं आणि मगच पाना हातात घेतला. पुन्हा मापलं. या वेळी फीत दोन्हीकडे मीच वाचली. माप जुळलं.

शस्त्रक्रियेला ते लवकर तयार झाले नाहीत. आठ दिवस डोळे बांधून निजायचं, दुकान बंद दिसलं की लोक विचारणार.

“गावाला गेलो म्हणून सांगा,” मी म्हटलं.

दिवाळीनंतर एका डोळ्याचं करून घेतलं. दुसऱ्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

जाड भिंगाचा चष्मा आल्यावर त्यांनी नवं काम घेतलं नाही. आधी त्या दोन वर्षांत दुरुस्त केलेल्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या. काही मालक हसले, एक जण चिडलाही. मिस्त्री कारण सांगत नव्हते. गाडीखाली शिरायचे, एकेक नट बघायचे आणि कपडे झटकत बाहेर यायचे. अक्कलकोटला उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीच्या मागच्या पाट्याला त्यांना एक पिन नुसतीच घातलेली सापडली, ती निसटू नये म्हणून लावायची खीळ नव्हतीच. खीळ बसवून ते बराच वेळ गाडीच्या पायरीवर बसून राहिले, असं त्या मोटारीच्या ड्रायव्हरने मला सांगितलं.