जिव्हाळा आणि शुक्रवारचा दिवा

पुण्याच्या एका मासिकात ‘जिव्हाळा’ म्हणजे माया, आपुलकी असं वाचलं आणि मी कामाक्षीकाकूंपुढे अकलेचे तारे तोडायला गेले. शेजारच्या या काकूंचं मराठी तंजावरी, जुन्या वळणाचं. त्या म्हणाल्या, "जिव्हाळा विहिरींत असतो, बये. आंतून पाणी येतें तो." बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताचं एक बोट मुठीत लपवलं. कारण मला ठाऊक होतं. मी तिथेच होते.

आदल्या उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली होती. काकूंचे यजमान एकोजीकाका कुंभकोणमच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी कामाला; पण माणूस हट्टी, गाळ काढायला स्वतःच उतरायचे. आधी पेटता दिवा दोरीने आत सोडायचा, तो तगला तर हवा चांगली, ही रीत. नेमका शुक्रवार. काकू दिवा देईनात. "सवाष्णीच्या हातचा दिवा शुक्रवारीं निवला तर?" ‘विझला’ हा शब्द त्या तोंडातून काढत नसत. काका हसले आणि कमरेला दोर बांधून तसेच उतरले. दुसरं टोक काकूंच्या आणि शेजारच्या गुरुमूर्तींच्या हातात.

थोडा वेळ फावड्याचा आवाज आला. मग थांबला.

"ऐकूं येतें कां?" काकूंनी विचारलं. पुन्हा विचारलं. खालून काहीच नाही. काकू पांढऱ्याफटक पडल्या; आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं. दोघं दोर ओढू लागले. काकूंचं नख मुळापासून उलटलं, दोर रक्ताने भिजला, तरी त्यांनी हात सोडला नाही.

काका वर आले ते ओल्या पोत्यासारखे. बऱ्याच वेळाने खोकले. "जिव्हाळा लागला," एवढंच म्हणाले. काकू तेव्हा कुठे रडल्या.

आता त्यांनी मूठ उघडली. नख वाकडंच आलं होतं. "ह्याच्या खालीं असते ती जिव्हाळी. जीव असतो तिथें. माया म्हणतेस, तीही तिथलीच असेल. दुखतें तर तसेंच."

विहीर यंदाही आटली होती; मागल्या दारी काका पुन्हा कमरेला दोर बांधत होते. वार शुक्रवारच होता. काकू उठल्या, देवापुढचा दिवा घेतला आणि स्वतःच विहिरीत सोडला. अर्ध्यावर गेला आणि खाली काळोख झाला.

"विझला," काकू मोठ्याने म्हणाल्या, आणि काकांच्या कमरेची गाठ सोडू लागल्या.