वासराला लागलेला वास

रोज दिवेलागणीला ठमाबाई कपिलेच्या कानात बोट फिरवायची. गोचीड सापडला की चिमटीत धरून मिठाच्या पाण्यात टाकायची. मग करंजाच्या तेलात गवती चहाच्या तेलाचे चार थेंब घालून गाईच्या पोटाला, मानेला लावायची. रोडपालीत इमारतींच्या मधे उरलेला तो एकटाच गोठा. रस्त्यानं जाणाऱ्याला आधी लिंबासारखा वास यायचा, शेणाचा नंतर.

कपिलेचं मागचं वासरू गोचीडतापानं गेलं होतं. म्हणून या वेळी ती व्यायल्याबरोबर ठमाबाईनं वासरू पुसलं आणि अंगभर तेल चोळलं. कपिलेला चाटायलाही मिळालं नाही.

कपिलेनं वासरू हुंगलं. नाकपुड्या फेंदारल्या आणि लाथ मारली.

वासरू पुन्हा आचळाकडे गेलं. पुन्हा लाथ. ठमाबाईचा मुलगा परेश चीक काढायला बसला, तर बादली भिंतीवर आदळली. गुरांचे डॉक्टर उरणला होते. फोनवर म्हणाले, "चीक लवकर पोटात जाऊ द्या, उशीर नको."

"परफ्यूम लावून पाठवलंत, आई. ती कशी ओळखणार?" सून विनिता म्हणाली.

"तोंड नको चालवू. कोमट पानी आन."

बेसन लावून दोनदा धुतलं. वास हटेना. दुपार झाली. वासराचे पुढचे पाय दुमडले आणि त्यानं हंबरायचं सोडून दिलं.

ठमाबाई उठून घरात गेली. घरचं मिठागर विकलं त्या वर्षीच्या मिठाची शेवटची बरणी तिनं माळ्यावर जपली होती, कुणाला हात लावू देत नसे. ती फोडल्यासारखी उघडली आणि मूठमूठ खडं मीठ वासराच्या ओल्या पाठीवर चोळलं.

कपिलेनं मान वळवली. एकदा चाटलं. थांबली. परेशनं दावं घट्ट धरलं.

"सोड रं," ठमाबाई पुटपुटली.

कपिलेनं पुन्हा जीभ लावली. मग पाठ, मान, कान, सगळं खरखरा चाटत सुटली. वासरू कसंबसं उभं राहिलं, कासेत घुसलं. लाथ आली नाही.

दोन वर्षांनी ठमाबाई झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी कपिलेचे दिवस पुन्हा भरत आले होते. तिच्या कानात बोट फिरवून झाल्यावर तेलाची बाटली विनिताच्या हातात देत ठमाबाई म्हणाली होती, "व्यायली तं तेलाची घाई नको करू गो. आदी तिला चाटू दे."