डबा हलवून बघणारी

ती खोलीत शिरली, की आधी माझा डबा उचलून हलवायची. जड लागला, की कपाळाला आठ्या. "काऊन नाही जेवल्या, काकू?" मग यांच्याकडे वळायची. आता तुम्हीच सांगा, पेशंट कोण, हे नर्सला कळायला नको? मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "काकांवर मशीनची नजर आहे. तुमच्यावर कोणाची आहे?"

मूळची नागपूरची. एडिसनजवळच्या आमच्या हॉस्पिटलात ट्रॅव्हल नर्स म्हणून आलेली. म्हणजे काही आठवड्यांचा करार, तो संपला की दुसरं गाव. तिचा सगळा संसार गाडीत. कुकर, गादी, आणि पुढच्या सीटवर चक्क बेल्ट लावून कढीपत्त्याची कुंडी. "टेक्सासपासून सोबत आहे. हिच्याइतकं कोणी टिकलं नाही हो माझ्यापाशी," म्हणून हसायची. मी पुढे विचारलं नाही.

आमचे हे स्टेप-डाउनमध्ये होते. आयसीयूतून बाहेर काढलेलं, पण साध्या वॉर्डात ठेवण्याइतकं बरं नाही, असं ते मधलंच. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी. फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंच होतं. मला एकच हवं होतं. सिॲटलहून आमची लेक येईपर्यंत यांनी टिकावं. देवाकडे त्याहून जास्त मागायची हिंमतच उरली नव्हती.

भिंतीवर पांढरा बोर्ड होता. त्यावर नर्सचं नाव आणि त्या दिवसाचं ध्येय. बाकीच्या जणी 'खुर्चीत बसणे' असलं काही इंग्रजीत लिहायच्या. ही शिवाय खाली कोपऱ्यात मराठीत लिहायची, 'काकू, जेवून घ्या.' रोज तिथंच. बोर्ड जुना, पुसला तरी अक्षरांची सावली राहायची. एकदा डॉक्टरांनी विचारलं, हा मंत्र आहे का? "येस, व्हेरी पॉवरफुल," ही म्हणाली. हे ऑक्सिजनच्या मास्कच्या आत हसले. यांना हसताना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

लेक विमानात बसली त्या दुपारीच यांचा श्वास बिघडला. हिनं डॉक्टरांना बोलावलं आणि मास्क धरून खाटेपाशी उभी राहिली. तेवढ्यात त्या मजल्याची मुख्य नर्स दारात. नवा पेशंट येतोय, तो तू घे. बाहेरून आलेलीच्या गळ्यात जादा पेशंट टाकायचा, हे मी इतके दिवस बघतच होते.

"नाही घेऊ शकत. यांना सोडणं सेफ नाही," ही इंग्रजीत म्हणाली.

"यू आर अ ट्रॅव्हलर. दे विल कॅन्सल यू."

"करू दे." हे मात्र मराठीत, आणि मागे न बघता.

मी तिचा हात धरला. "अगं बाई, काम जाईल ना तुझं!"

"काकू, काकांचा हात धरा. माझा नका धरू."

डॉक्टर धावत आले, यांना परत आयसीयूत नेलं. लेक पोचली तेव्हा यांनी डोळे उघडले. "आलीस?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी गेले.

यांचा चष्मा स्टेप-डाउनमध्ये राहिला होता, तो आणायला मी नंतर गेले. खरं तर तिला सांगायचं होतं, भेट झाली गं. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "ती ट्रॅव्हलर? शी इज गॉन." कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. फोन नंबर द्यायचा नियम नाही म्हणे.

आमच्या खोलीत दुसरे आजोबा होते. खुर्चीत त्यांची बायको, पर्स मांडीवर घट्ट धरून. बोर्डवर नवं नाव, आणि कोपऱ्यात फिकट, पुसून पुसून उरलेलं, 'काकू, जेवून घ्या.'

मी त्याकडे बघत उभी राहिले, तेव्हा तिनं विचारलं, काय लिहिलंय ते? मी इंग्रजीत सांगितलं. ती रडायलाच लागली.

लेकीनं बळंच दिलेला डबा मी पिशवीतून काढला. हलवून पाहिला. जड होता. दोघींना पुरला असता, पण झाकण काही माझ्याच्यानं उघडेना.